बाहेर बार्बेक्यू लावताय? आधी विस्तवाचं ठरवा

थंडी पडली की नाशिकमध्ये शनिवार-रविवारचे बेत शिजायला लागतात. कुणी दिंडोरीकडच्या मळ्यात, कुणी गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, कुणी त्र्यंबक रस्त्यावर मित्राच्या फार्महाऊसवर. पूर्वी हुरडा, वांगी, रताळी भाजली जायची. ती आजही भाजली जातात, पण आता गाडीच्या डिकीत पत्र्याची बार्बेक्यू शेगडी, कोळशाची पिशवी आणि मसाल्यात मुरवलेलं पनीर-चिकनही असतं. बेत उत्तम आहे, जरूर करा. ज्यांनी कोळशावर आजवर काहीच भाजलेलं नाही, किंवा एकदोनदाच भाजलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मसाला कसा लावायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी फक्त विस्तवाबद्दल सांगणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. लोक ज्वाळेला घाबरतात आणि निखाऱ्याला विसरतात. ज्वाळा असते तेव्हा दहा जणांचं लक्ष तिच्याकडे असतं. जेवण उरकलं, गप्पा सुरू झाल्या, शेगडी राखाडी दिसायला लागली की तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि तेव्हाच ती सर्वांत धोक्याची असते. म्हणून निघण्याआधी घरीच ठरवा: विस्तव पेटवणार कुठे, विझवणार कशाने, आणि तो विझेपर्यंत राखण कोण करणार. राखणदार एकच असावा, त्याने त्या दिवशी दारू पिऊ नये आणि शेगडी सोडून सेल्फीला जाऊ नये. त्याला जेवायला बसायचं असेल तर दुसऱ्याला तसं सांगून, जागा देऊन मगच बसावं.

जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. जागा चांगली निवडली तर पुढचे निम्मे धोके उरत नाहीत.

पहिल्यांदा गवत बघा. पावसाळ्यात हिरवंगार असलेलं आपल्याकडचं माळरान ऑक्टोबरच्या उन्हात पिवळं पडायला लागतं, डिसेंबरपर्यंत कुसळी गवत कडकडीत वाळतं आणि फेब्रुवारीनंतर त्याला एक ठिणगी पुरते. वनविभागही साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतचा काळ वणव्याचा धरतो. म्हणजे बार्बेक्यूला हवा असतो तोच काळ गवत पेटण्याचाही असतो. ऑगस्टमध्ये ज्या जागी सहज शेगडी लावली होती, ती जागा जानेवारीत तशीच सुरक्षित असेल असं धरून चालू नका.

शेगडीखाली आणि भोवती निदान पाच फुटांपर्यंत नुसती माती, मुरूम किंवा फरशी हवी. गवत असेल तर फावड्याने खरवडून काढा, पालापाचोळा झाडून दूर न्या. झाडाची फांदी, मंडप, शेडनेट, ताडपत्री, तंबू, गाडी यांच्यापासून दहा फूट अंतर ठेवा, आणि वर मोकळं आभाळ हवं. मळ्यात असाल तर आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. शहरातून आलेल्या माणसाला कडब्याची गंजी लगेच कळते, पण कांदा साठवायची चाळ कळत नाही. बांबूचा सांगाडा, पाचटाचं छप्पर, वाळलेली पात आणि चोहोबाजूंनी मुद्दाम ठेवलेली खेळती हवा. असं बांधकाम पेटलं तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. चाळ, गोठा, गंजी आणि द्राक्षबाग यांच्या जवळ शेगडी नकोच. बागेत जमिनीवरून गेलेल्या ठिबकच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, निखारा पडला की लगेच वितळतात. शेतमालकाला नुसतं 'येऊ का?' विचारू नका, 'विस्तव कुठे लावू?' असंही विचारा. तुम्हाला माहीत नसलेलं बरंच काही त्याला माहीत असतं.

डोंगराच्या पायथ्याशी, वर चढत गेलेल्या गवताच्या खाली शेगडी लावायची नाही. आग चढावर पळते. वर जाणारी उष्णता पुढचं गवत आधीच वाळवून तापवून ठेवते, आणि चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब आहे. माणूस चढावर तेवढ्या वेगाने पळू शकत नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर यांसारख्या डोंगरांवर आणि त्यांच्या रानात तर शेगडी नेऊच नका. राखीव वनात विस्तव पेटवल्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली कारवाई होते, आणि अभयारण्यात आग लावायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने मनाई आहे. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तिथल्या काठावरही हाच नियम. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा: अंजनेरीच्या कड्यांत गिधाडं घरटी करतात, तिथल्या कातळावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पांतली दुर्मीळ वनस्पती उगवते. कबाब काय, घरामागेही भाजता येतात.

मग वारा. धरणाच्या काठावर दुपारनंतर पाण्यावरून चांगलाच वारा सुटतो. मूठभर सुकी माती हातातून सोडून दिशा बघा. माणसं, तंबू आणि गाड्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो तिकडे, आणि शेगडीवरून वारा जिकडे जातो तिकडे शक्यतो पाणी किंवा उघडी जमीन. ठिणग्या उडून लांब जात असतील, राख शेगडीतून उठत असेल, तर त्या दिवशी कोळसा पेटवू नका. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी अचानक येणारी वावटळ तर अख्खी शेगडी उलटवते. घरून भाकरी-ठेचा नेलेला असला की असा निर्णय घ्यायला जीवावर येत नाही, म्हणून थोडं तयार खाणं बरोबर असू द्या.

आणि वर बघा. मोठा पिंपळ, उंबर, पूल, कडा यांच्यावर आग्या मोहोळ असतं. धुराने ते उठलं तर आगीपेक्षा मोठा प्रसंग ओढवतो. मोहोळ दिसलं की तिथून निघा, शंभर-दोनशे पावलांवर दुसरी जागा बघून भागणार नाही, चांगलं लांब जा.

शेगडी नसेल आणि दगडांची चूल मांडायची असेल तर नदीपात्रातले ओले धोंडे घेऊ नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. वरच्या बाजूचे कोरडे दगड घ्या.

बरोबर काय न्यायचं

दोन बादल्या भरून पाणी, शेगडीजवळ, पेटवण्याच्या आधी. धरण समोर आहे म्हणून पाणी आणायचं नाही, असं करू नका. गवत पेटल्यावर काठापर्यंत जाऊन यायला वेळ नसतो. एक घमेलं कोरडी माती किंवा वाळू, एक ओलं गोणपाट, फावडं, लांब दांड्याचा चिमटा, जाड सुती किंवा चामड्याचे हातमोजे, राखेसाठी झाकण असलेला पत्र्याचा डबा. गाडीत दोन किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक असेल तर फारच छान. त्याच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते घरीच बघा, आणि पिन कशी निघते तेही.

कोळसा कोरडा हवा. पावसाळ्यात दमट झालेला कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, त्याला आधी उन्हात घाला. बागेत छाटणीच्या काड्यांचे ढीग पडलेले दिसतील आणि फुकटचं जळण म्हणून मोह होईल. त्यावर वर्षभराच्या फवारण्या झालेल्या असतात, त्यावर अन्न भाजू नका. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुने क्रेट हेही नकोत.

कपड्यांकडे लक्ष द्या. थंडीतली नायलॉनची जाकिटं आणि पॉलिएस्टरचे ट्रॅकसूट वितळून कातडीला चिकटतात. राखणदाराने सुती घालावं, बाह्या घट्ट असाव्यात, ओढणी किंवा पदर खोचलेला, केस बांधलेले, आणि पायात चप्पल नको, बूट हवेत.

पेटवणं

पेट्रोल, डिझेल, थिनर, सॅनिटायझर यांतलं काहीही नाही. पेट्रोलची वाफ थंडीतही सुटत असते, हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच तुमच्या पायापर्यंत एकदम भडका होतो. सॅनिटायझरची ज्वाळा दिवसा दिसतही नाही. सगळ्यात वाईट अपघात होतात ते अर्धवट पेटलेल्या कोळशावर वरून काही ओतल्याने: ज्वाळा धारेवरून उलटी चढून हातातल्या बाटलीपर्यंत येते. 'विझल्यासारखं वाटतंय, थोडं टाक रे' असं कुणी म्हणालं तर राखणदाराने ठाम नाही म्हणावं.

कापराच्या दोन वड्या, नारळाची शेंडी, गोवरीचा तुकडा एवढं पुरतं. कोळशाचा ढीग रचा, मध्ये पोकळी ठेवा, तिथे कापूर पेटवा आणि वाट बघा. पंख्याने किंवा पुठ्ठ्याने हळूहळू वारा घाला. तोंड खाली नेऊन फुंकू नका, फुंकायचंच तर आजीची फुंकणी आणा. वीस ते तीस मिनिटांत कोळशावर पांढुरकी राख चढते आणि ज्वाळा बसते. त्यानंतरच जाळी ठेवायची. नवखे लोक इथेच घाई करतात: ज्वाळेवर जाळी ठेवतात, पदार्थ बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो, आणि टपकणाऱ्या तेलाने ज्वाळा आणखी वाढते.

भाजताना

निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. भडका उडाला की पदार्थ चिमट्याने रिकाम्या बाजूला सरकवायचा, बस. मुरवलेल्या तुकड्यांवरचं जास्तीचं तेल-दही आधी निथळू द्या. लाकडी काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. तेलाच्या भडक्यावर पाणी टाकायचं नाही, पेटतं तेल उसळून अंगावर येतं. झाकण असेल तर झाका, नसेल तर पदार्थ उचला आणि तेल जळून जाऊ द्या. तव्यातलं तेल पेटलं तर वरून ताट किंवा झाकण सरकवा आणि ते पूर्ण निवेपर्यंत उघडून बघू नका.

लहान मुलांसाठी शेगडीभोवती तीन फुटांवर चुन्याने किंवा काठीने एक रेघ ओढा. मुलांना रेघ कळते, 'लांब राहा' कळत नाही. क्रिकेट आणि पतंग शेगडीपासून लांब, जागेच्या दुसऱ्या टोकाला. संक्रांतीच्या दिवसांत तुटका मांजा शेगडीच्या पायात अडकून ती पडू शकते, म्हणून पाय मातीत थोडे रोवून ठेवा.

गॅसवरच्या बार्बेक्यूबद्दल थोडक्यात. नळीला आणि रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे, पेटवू नका. झाकण उघडं ठेवूनच पेटवा. पहिल्यांदा पेटलं नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असते, म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा भिंतींनी वेढलेल्या कोपऱ्यात ठेवू नका. सोसायटीच्या गच्चीवर लावायचं असेल तर आधी परवानगी घ्या; प्लॅस्टिकच्या टाक्या, सोलरचे पाइप आणि वॉटरप्रूफिंगचा डांबरी थर यांच्यावर निखारा पडता कामा नये. बाल्कनीत मात्र कोळसा कधीच नाही. वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे तुमच्या हातात नसतात.

तंबूत शेगडी नेऊ नका

हे वेगळं लिहितोय कारण इथे जीव जातो आणि आग दिसतही नाही. आपल्याकडे थंडी खरी पडते, निफाडचा पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली उतरतो. धरणाकाठी रात्री तंबूत कुडकुडत असताना कुणाला तरी सुचतं की शेगडीत निखारे आहेतच, धूर तर येत नाही, आत घेऊ या. धूर नसतो हे खरं. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, तो फक्त उठत नाही.

तंबूची चेन अर्धी उघडी ठेवून भागत नाही. खोलीची खिडकी उघडी ठेवूनही नाही. कार, टेम्पो ट्रॅव्हलर, पत्र्याची शेड, गॅरेज यांनाही हेच लागू आहे, आणि निवलेली वाटणारी शेगडी डिकीत घालून घरी आणण्यालाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ असं एकाच वेळी दोघा-तिघांना झालं तर जेवण बाधलं असं समजू नका. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. थंडीसाठी जाड गोधडी, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी न्या.

विझवणं

आपल्या आज्या-पणज्या रात्री चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवायच्या आणि पहाटे फुंकणीने पुन्हा फुलवायच्या. काडेपेटी वाचायची. राखेखाली निखारा रात्रभर जगतो हे आपल्या घराघरांत माहीत असलेलं ज्ञान आहे, आणि तरीही पिकनिकला गेलेले लोक निखाऱ्यांवर माती किंवा वाळू लोटून 'विझलं' म्हणून निघून जातात. माती टाकल्याने निखारा मरत नाही, झाकला जातो. गोदेच्या किंवा दारणेच्या वाळूत पुरलेल्या कोळशावर दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी लेकरू अनवाणी पाय देतं. वाऱ्याने वरची राख उडाली की उरलेला निखारा शेजारच्या गवतात जातो.

म्हणून पाणी. निघायच्या निदान एक तास आधी नवा कोळसा टाकणं बंद करा. मग पत्र्याच्या शेगडीतले निखारे फावड्याने खरवडलेल्या जमिनीवर पसरा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून थोडं थोडं पाणी सोडा. एकदम बादली उपडी केली तर गरम वाफ आणि राख तोंडावर येते. तापलेल्या मातीच्या किंवा ओतीव लोखंडाच्या शेगडीत थेट पाणी ओतू नका, ती तडकते. पाणी घातलं की काठीने ढवळा, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळा. मोठे कोळसे उलटे करून खालची बाजूही भिजवा. चर्रर्र आवाज थांबला, वाफ थांबली, की हाताची मागची बाजू राखेच्या जवळ न्या. ऊब लागली तर अजून पाणी. शेवटी राखेला बोट लावता आलं पाहिजे. दोन-तीन किलो कोळशाला दोन्ही बादल्या लागू शकतात, म्हणून त्यांतलं पाणी हात धुवायला वापरू नका.

पाणी अगदीच कमी असेल तर निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि डबा उघड्या जमिनीवर ठेवून थांबा. तो गरम असताना गाडीत घेऊ नका. घरी शेगडीतली राख दुसऱ्या दिवशीही पाणी मारूनच टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सकाळच्या घंटागाडीत टाकलेली कोमट राख मागच्या कचऱ्याला पेटवू शकते, आणि ते विझवायला धावतो तो गाडीवरचा सफाई कामगार.

काही झालंच तर

कपडे पेटले तर पळू देऊ नका. जमिनीवर पाडा, लोळवा, चेहरा हाताने झाकायला सांगा, सुती चादर किंवा ओलं गोणपाट गुंडाळा.

भाजलं तर गार, वाहतं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. इतका वेळ कुणी धरत नाही, दोन मिनिटांत 'बरं वाटतंय' म्हणतात, घड्याळ लावा. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, दही यांतलं काहीही लावायचं नाही, त्याने जखम बिघडते आणि डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, चेहरा, हात, पाय किंवा सांध्यावर असेल, किंवा लहान मूल असेल तर वाट न बघता रुग्णालयात.

गवत पेटलं आणि ज्वाळा गुडघ्याच्या खाली असेल तर ओल्या गोणपाटाने किंवा हिरव्या फांदीने कडेने झोडपत विझवा. आगीच्या पुढे उभं राहायचं नाही, चढावर तर नाहीच. जळून गेलेल्या बाजूने किंवा बगलेने जा. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेली की मागे फिरा, मुलांना आधी गाडीत बसवा आणि फोन करा: अग्निशमन १०१, कुठल्याही आणीबाणीला ११२, रानात किंवा डोंगरावर असाल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. जवळच्या गावकऱ्यांनाही हाक द्या, त्यांना वाटा आणि पाण्याच्या जागा माहीत असतात.

फोनवर 'धरणाजवळ' एवढं सांगून चालत नाही, काठ कित्येक किलोमीटरचा आहे. निघतानाच गावाचं नाव, शेवटचा फाटा आणि शेतमालकाचा नंबर राखणदाराच्या मोबाइलवर लिहून ठेवा, आणि रेंज कुठे मिळते तेही बघून ठेवा, फुगवट्याच्या काही भागांत ती नसते. मळ्याच्या वाटेवर गाड्या एकामागे एक लावून वाट अडवू नका, बंब आत येऊ शकला पाहिजे. फोन झाला की एकाने टॉर्च घेऊन फाट्यावर जाऊन उभं राहावं.